पेन्शन कुठे खावी?

गेले तीन-चार महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे आणि आता तो घराबाहेरही गेला आहे. नाशिकची आत्या, ठाण्याचे मेव्हणे, अमेरिकेतला मावसभाऊ... ज्याचा फोन येतो तो तेच विचारतो. "काय रे, पोर्तुगालला चाललात म्हणे कायमचे?" प्रत्येकाला निरनिराळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. नेहमीच्या वाचकांना आमच्या घरगुती भानगडीत रस नसेल तर त्यांनी मधला इतिहास तेवढा वाचावा. तो वाचता वाचताच आमचाही निर्णय होत गेला.

आधी मूळ मुद्दा. आमची लेक पोर्तोला नोकरी करते. तिने कुठूनशी माहिती काढली की पोर्तुगालचा 'डी-७' नावाचा व्हिसा आपल्यासारख्या निवृत्त माणसांसाठीच आहे. २००७ च्या त्यांच्या परकीय नागरिकांच्या कायद्यातला हा एक प्रकार. नोकरी शोधायची नाही, मोठी गुंतवणूक करायची नाही. पेन्शन, घरभाडं, व्याज, लाभांश असं बसल्या जागी येणारं उत्पन्न दाखवायचं, राहायची जागा दाखवायची, आरोग्य विमा आणि गाठीला थोडी शिल्लक दाखवायची. उत्पन्न किती? तर तिथल्या किमान वेतनाइतकं, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी. २०२५ साली ते किमान वेतन महिना ८७० युरो होतं, म्हणजे नवरा-बायकोला मिळून १३०५. युरोला शंभर रुपये धरले तर एक लाख तीस हजार. माझी बँकेची पेन्शन, गाळ्याचं भाडं आणि ठेवींचं व्याज अशी तीन टोकं ओढून-ताणून जुळवली तर गाठ बसते.

गंमत बघा. आमच्या लहानपणी "बसून खातो" ही शिवी होती. आता पोर्तुगालच्या कायद्यात ती पात्रता झाली आहे!

(गोव्याच्या मंडळींचा दरवाजा वेगळा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्वच मागता येतं, अर्थात भारताचं सोडून. आम्ही पडलो घाटावरचे, त्यामुळे आम्हाला रांगेतूनच जायला हवं.)

आता माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. कोणताही अर्ज भरायचा म्हटला की मला त्या अर्जाचा आजोबा-पणजोबा कोण हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. पेन्शनच्या जोरावर परमुलखात जाऊन राहायचं, हे पहिल्यांदा कोणी केलं असेल?

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आपल्या इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव शनिवारवाड्यातलंच निघालं. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. वर्षाला ८ लाख रुपये तनखा ठरला. अट अशी की दख्खनवरचा हक्क सोडायचा आणि दख्खनही सोडायची. कानपूरजवळ गंगेकाठी बिठूर, म्हणजे ब्रह्मावर्त, इथे मुक्काम ठरला. माल्कमने रक्कम फार मोठी कबूल केली म्हणून कलकत्त्याला नाराजी होती. त्यात हा त्रेचाळीस वर्षांचा पेन्शनर पुढे तेहेतीस वर्षं जगला! जानेवारी १८५१ मध्ये तो वारला तोवर कंपनीचे अडीच कोटींच्या वर रुपये गेले होते.

पण पुढचा भाग महत्त्वाचा. बाजीरावाच्या मागे दत्तक पुत्र नानासाहेबांनी तनखा चालू ठेवा म्हणून अर्ज केला. डलहौसीने नकार दिला. तनखा हयातीपुरता होता, हयात संपली, विषय संपला. अझीमुल्ला खान थेट लंडनपर्यंत जाऊन खेटे घालून आला, उपयोग झाला नाही. १८५७ मध्ये काय झालं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. बिठूरला त्या तनख्यावर किती माणसं जगत होती याचा विचार मात्र शाळेत कोणी करायला लावला नव्हता. सोबत गेलेली दक्षिणी कुटुंबं, आश्रित, नोकर... पैसे देणाऱ्याने कागदाचा अर्थ एका ओळीत सांगितला आणि त्या सगळ्यांच्या पायाखालची सतरंजी गेली.

त्याच काळात उलट्या दिशेनेही एक वारी चालू होती. कंपनीच्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना १७९६ च्या नियमांनी पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर पूर्ण पगारावर निवृत्त व्हायची सोय मिळाली. पुढे आय. सी. एस. वाल्यांना वर्षाला एक हजार पौंड मिळायचे. ही मंडळी पेन्शन घेऊन चेल्टनहॅम, बेडफर्ड अशा गावांत जाऊन राहायची. त्यांच्या दृष्टीने ती घरी परतत होती. पण पेन्शनच्या दृष्टीने बघा : ती हिंदुस्थानच्या महसुलातून निघायची आणि इंग्लंडमध्ये पौंडांत खर्च व्हायची. लंडनला दरवर्षी पाठवायच्या रकमेला 'होम चार्जेस' म्हणत, त्यातला हा एक मोठा हिस्सा. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. चांदी घसरली आणि १८९० च्या दशकाच्या मध्यावर रुपया एक शिलिंग एक पेनीपर्यंत उतरला. चेल्टनहॅमच्या साहेबाला यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं, त्याचे पौंड तेवढेच होते. ते तेवढेच राहावेत म्हणून इथे किती जास्त रुपये गोळा करावे लागले ते इथल्या रयतेला ठाऊक.

दादाभाई नवरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडला त्यात या पेन्शनी होत्या हे आपण वाचलेलं असतं. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र फारसा सांगितला जात नाही. ते म्हणत की पैशाबरोबर शहाणपणही जातं. देशोदेशी म्हातारी, अनुभवी माणसं गावातच राहतात आणि पुढच्या पिढीला त्यांचा उपयोग होतो. हिंदुस्थानात कारभार शिकलेला माणूस शिकून तयार झाला की बोटीत बसून निघून जातो. दादाभाई याला नैतिक निःसारण म्हणत.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलो. माझी पेन्शन माझ्या नोकरीची आहे, कोणाला लुटून घेतलेली नाही, तेव्हा तुलना पुरती जुळत नाही. शिवाय माझ्या शहाणपणावाचून आमच्या सोसायटीचं काही अडलेलं नाही (सेक्रेटरी याला दुजोरा देतील). पण रुपया आणि पौंडाचा तो हिशेब मात्र अंगावर आला. फरक एवढाच की तेव्हा घसरणीचा भार रयतेवर होता, आता तो माझ्या एकट्यावर येणार. युरोच्या नोटा २००२ साली बाजारात आल्या तेव्हा युरो पन्नास रुपयांच्या आत होता, आज शंभरीच्या आसपास आहे. माझ्या पेन्शनवरचा महागाई भत्ता इथल्या तूरडाळीच्या आणि एस. टी.च्या भाड्याच्या हिशेबाने वाढतो, पोर्तोच्या घरभाड्याच्या नाही. आणि व्हिसासाठी जे किमान वेतन धरतात ते २०१५ साली ५०५ युरो होतं. दहा वर्षांत ८७०!

बरं, एखादं सरकारच जाहिरात करून परक्या म्हाताऱ्यांना बोलावतं, ही कल्पना कुठून आली? आधुनिक काळातलं सुरुवातीचं ठळक उदाहरण कोस्टा रिकाचं. १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशाने निवृत्तांसाठी खास कायदा केला. बाहेरून ठरावीक उत्पन्न येत असेल तर या, राहा, घरसामान आणि मोटार आणा, आयात कर माफ. अमेरिकन पेन्शनर भराभर गेले. डॉलर आयते घरात येत होते आणि पाहुणा कोणाची नोकरी हिरावून घेत नव्हता. कोणत्याही अर्थमंत्र्याला आवडावा असाच माणूस.

मग इतरांनीही ती वाट धरली. फिलिपिन्सने १९८५ मध्ये त्यासाठी वेगळं खातंच काढलं. पनामाने १९८७ च्या कायद्याने वीज, औषधं, विमानाचं तिकीट, सिनेमा अशा गोष्टींत पेन्शनरांना सवलती दिल्या. त्यांचं मला कौतुक वाटलं, कारण त्या सवलती आधी त्यांच्या स्वतःच्या म्हाताऱ्यांना होत्या आणि त्याच पाहुण्यांनाही मिळाल्या.

जपानची गोष्ट याच्या उलटी आणि जास्त बोलकी. १९८६ मध्ये तिथल्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने एक योजना मांडली, 'सिल्व्हर कोलंबिया'. कोलंबसाच्या सफरीला १९९२ मध्ये पाचशे वर्षं होणार होती, म्हणून हे नाव. येन महाग झाला होता, देशात घरं परवडत नव्हती, तेव्हा निवृत्त जपानी माणसांसाठी स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा उन्हाच्या देशांत वसाहती वसवायच्या. कागदावर सगळ्यांचाच फायदा. पण ओरड झाली की मोटारी आणि टीव्ही निर्यात करून झाले, आता म्हातारी माणसं निर्यात करणार का? जपानी लोककथांत म्हातारी आई पाठुंगळीला घेऊन डोंगरावर सोडून येणाऱ्या मुलाची जुनी गोष्ट आहे. अशा देशात ही योजना रुजणार कशी? ती बारगळली. पुढे जपानी लोक गेले, पण 'लाँग स्टे' म्हणून, काही महिने राहून परत यायच्या बोलीवर. त्यांच्या आवडीच्या ठिकाणांत मलेशिया बरीच वर्षं पहिल्या क्रमांकावर होता.

आता या बोलावणाऱ्यांनी पुढे काय केलं ते बघा.

कोस्टा रिकाने १९९२ मध्ये करसवलती काढून घेतल्या. मलेशियाने 'माझं दुसरं घर' अशा गोड नावाने २००२ पासून चालवलेल्या योजनेत २०२१ साली बाहेरच्या उत्पन्नाची अट महिना १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजारांवर नेली. सुरुवातीला तर ती आधीपासून राहणाऱ्यांनाही लावणार होते. बराच गदारोळ झाल्यावर जुन्यांना त्यातून वगळलं. पण मधले ते काही आठवडे तिथे घर थाटून बसलेल्या सत्तरीच्या माणसाने कसे काढले असतील?

आणि खुद्द पोर्तुगाल. २००९ मध्ये त्यांनी नव्याने येणाऱ्यांसाठी कराची अशी व्यवस्था केली की परदेशातून येणारी पेन्शन जवळजवळ करमुक्त होई, दहा वर्षांसाठी. युरोपभरचे पेन्शनर लोटले. फिनलंडला हे सहन होईना. आमच्याकडे मिळवलेली पेन्शन, ना आमचा कर ना त्यांचा! त्यांनी पोर्तुगालबरोबरचा करार मोडला, २०१९ पासून कर सुरू. स्वीडनने तेच २०२२ पासून केलं. मधल्या काळात, २०२० मध्ये, पोर्तुगालनेच नव्यांना दहा टक्के कर लावला. तोवर लिस्बन आणि पोर्तोत घरभाडी इतकी वाढली की तिथल्याच तरुणांना घर मिळेना, मोर्चे निघाले. शेवटी २०२३ मध्ये पंतप्रधान अंतोनियु कोस्तांनी ही सवलत म्हणजे करातला अन्याय आहे असं सांगून ती बंद करायचं जाहीर केलं आणि २०२४ पासून ती नव्यांसाठी संपली. कोस्तांचं मूळ गोव्याचं, मडगावचं. माणूस आपल्या बाजूचा आणि निर्णयही, खरं सांगायचं तर, योग्यच. मी पोर्तोचा पंचविशीतला मुलगा असतो तर मोर्च्यात गेलो असतो.

हे झालं राहू देणाऱ्यांचं. पैसे देणारेही कमी नाहीत. ब्रिटनची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, पण पेन्शनर परदेशात असेल तर देश बघून. युरोपात, अमेरिकेत, अगदी फिलिपिन्समध्ये राहिलात तरी वाढते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि आपला भारत इथे राहिलात तर ती आहे त्या आकड्यावर गोठते. तीस-पस्तीस वर्षं तिकडे हप्ते भरून म्हातारपणी पुण्याला परतलेल्यांची पेन्शन पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या अॅनेट कार्सन या बाईंनी याविरुद्ध दावा लावला. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २००५ मध्ये हरल्या, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात २०१० मध्ये हरल्या. न्यायालयांचं म्हणणं थोडक्यात असं की दुसऱ्या देशात राहणारा माणूस वेगळ्या परिस्थितीत असतो. म्हणजे पेन्शनला पत्ता असतो. बाजीरावाच्या पेन्शनलाही होता.

आणि कधी कधी दोन्ही सरकारं आपापल्या जागी ठीक असतात, पण त्यांच्यातलं नातंच तुटतं. स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेऊन वर्षातले सहा-सात महिने राहणारे इंग्रज २०२० पर्यंत युरोपीय नागरिक म्हणून मोकळे ये-जा करत होते. २०२१ उजाडलं आणि ज्यांनी रीतसर रहिवास घेतला नव्हता, त्यांना स्वतःच्याच घरात १८० दिवसांतले ९० दिवसच राहायची मुभा उरली.

तर मंडळी, एवढं सगळं वाचून मला जे कळलं ते असं. पेन्शनवर परदेशी राहणारा माणूस दोन सरकारांच्या शब्दावर राहत असतो. एक पैसे देतं, एक राहू देतं. दोघांपैकी कोणीही शब्द बदलला तरी त्याला मत द्यायची सोय बहुधा नसते, कारण एका देशातून तो उठलेला असतो आणि दुसऱ्यात पाहुणा असतो. पस्तिशीतला माणूस अशा वेळी सामान बांधून तिसरीकडे जातो. पंचाहत्तरीत गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, डॉक्टर ओळखीचा झालेला असतो, जुनं घर विकलेलं असतं...

याचा अर्थ जाऊच नये असा नाही. हजारो माणसं गेली आणि सुखात राहिली. पण जाणाऱ्याने परतीचं घर विकू नये, आणि उत्पन्न अटीइतकंच असेल तर ते पुरेसं धरू नये, एवढं मात्र मी कोणालाही सांगेन. आमचं उत्पन्न बरोबर अटीइतकंच आहे.

आता घरचं.

इतिहास बाजूला ठेवला तरी एक अट होती आणि ती मला सगळ्यात शेवटी दिसली. डी-७ वर मिळणारं पहिलं रहिवासपत्र दोन वर्षांचं असतं. त्या दोन वर्षांत सलग सहा महिने किंवा तुकड्या-तुकड्यांनी एकूण आठ महिने, याहून जास्त काळ देशाबाहेर राहिलात तर ते रद्द होऊ शकतं. म्हणजे चोवीसपैकी सोळा महिने तिथे राहायलाच हवं. "सहा महिने इथे, सहा महिने तिथे" असं जे आम्ही नातेवाइकांना सांगत सुटलो होतो ते या कागदात बसत नाही.

आणि आमच्याकडे आई आहे. शहाऐंशी वर्षांची. वडिलांच्या मागे तिला कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं, दर नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि ते काम ती सणासारखं करते. इस्त्रीची साडी नेसून. तिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही खुशाल जा. मी काय पळून चाललेय?" तिला बरोबर न्यायचं म्हटलं तर म्हणते, "तिथे मी बोलू कोणाशी?" याला माझ्याकडे उत्तर नाही. तिची इथली दुपार शेजारच्या दोन बायका आणि एक देवळाचा कट्टा यांच्यावर उभी आहे.

ठाण्याचे मेव्हणे सहज म्हणाले, "आई आहेत तोवर राहू दे, मग बघा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या 'मग'चा अर्थ काय, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं आणि आम्ही विषय बदलला. पोलिसांचा दाखला, बँकेचे उतारे हे कागद काही महिन्यांत शिळे होतात. फाइल तयार ठेवायची तर ती सारखी ताजी करत राहायची. दर वेळी ताजी करताना आपण कशाची वाट बघतोय ते स्वतःला सांगायचं. मला ते जमणार नाही. सौ.लाही नाही.

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर लेक म्हणेल बाबांनी सोयीचं तेवढं लिहिलं. ती म्हणाली, "तुमच्यापैकी एकाला रात्री काही झालं तर मी तिथे पोचेपर्यंत एक अख्खा दिवस जाईल." हे खरं आहे. दादाभाईंपासून कोस्तांपर्यंत कोणीही मला यावर तोड सांगितलेली नाही. आईसाठी मी इथे हवा, तसा माझ्यासाठी लेकीला मी तिथे हवा. एकाच माणसाला दोन ठिकाणी हजर राहायचं आहे आणि रहिवासपत्र एकाच ठिकाणचं मिळतं.

तर निर्णय असा : डी-७ चा अर्ज आम्ही करत नाही. फाइल बंद, माळ्यावरही ठेवलेली नाही. साधा पाहुण्यांचा व्हिसा काढून ९० दिवसांच्या आत जाऊन यायचं, आणि तेही दोघांनी एकदम नाही, आळीपाळीने. आधी सौ., तिच्या गुडघ्यांना जमतंय तोवर. ती परतली की मी. आईपाशी एक जण कायम. लेक थोडी नाराज आहे, पण आईचं तिकीट तिनेच काढलं.

सौ. एप्रिलमध्ये निघते आहे. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ असं ज्याला जे लेकीसाठी पाठवायचं असेल त्याने मार्चअखेर आमच्याकडे पोचवावं. सामानाला तेवीस किलोची मर्यादा आहे आणि त्यातले सहा किलो आत्याच्या लाडवांनी आत्ताच अडवले आहेत.